मुरबाडला पहिल्यांदाच भात लावताय? करप्याबद्दल थोडंसं

दादा, औषधाचं नाव नंतर विचारा. करपा हा भाताचा बुरशीमुळे होणारा रोग. ती बुरशी एक, पण तिचे वंश अनेक. त्यातला कोणता माजणार हे आपलं शेत ठरवतं.

म्हणून सगळ्या खाचरांत एकच वाण नको. त्या वाणाला भेदणारा वंश निपजला की त्या वंशाला रान मोकळं. चीनच्या युनानमध्ये वाण मिसळून लावल्यावर करपा खूप घटला होता.

युरिया हप्त्यांनी द्या, एकदम दिला की करपा बळावतो. (पहिल्या वर्षी काळाकुट्ट हिरवा भात बघून मीही मिशीला पीळ दिला होता, पंधरा दिवसांत उतरला!) तेच बुरशीनाशक पुन्हापुन्हा मारलंत तर त्याला न जुमानणारे वंशच उरतात.

आणि कडा करपा वेगळा, तो जिवाणूंचा. त्यावर बुरशीनाशक म्हणजे पैसे पाण्यात.

पेरणीआधी बियाणं ३ टक्के मिठाच्या पाण्यात टाका, तरंगेल ते काढा, उरलेलं धुऊन सुकवा.