वडिलांचं विस्मरण वाढतंय, कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की काम भागेल का?

तुमचे वडील सांगलीत एकटे, वय अठ्ठ्याहत्तर, अलीकडे विसरायला लागलेत आणि तुम्ही पुण्यात. पुढे ते अंथरुणाला खिळले किंवा त्यांना काही उमजेनासं झालं, तरी कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायला तुम्हाला मुखत्यार नेमणाऱ्या कागदावर (पॉवर ऑफ अटर्नी), बँक, पेन्शन, घर सगळं बघता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

अंथरुणाला खिळले तर हो. उमजेनासं झालं तर नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारा माणूस वारला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली, की मुखत्याराचा अधिकारही संपतो. इंग्लंड-अमेरिकेत त्यानंतरही चालणारं मुखत्यारपत्र करता येतं, आणि तिकडच्या नातेवाइकांचं ऐकून लोक इथेही तसंच धरून चालतात. आपल्याकडे ती सोय नाही. क्षमता गेल्यावर उरतो तो कोर्टाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमले आहेत, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

म्हणून मुखत्यारपत्र कराच, आणि आत्ताच करा. वडिलांना कागद वाचून कळतोय तोवर. त्याच सुमारास डॉक्टरांकडून मानसिक स्थिती ठीक असल्याचा दाखला घ्या. नुसत्या नोटरीवर थांबू नका, दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रार) नोंदवा. वडिलांना जायला जमत नसेल तर अर्ज केल्यावर निबंधक घरी येतात.

मजकुराकडे नीट लक्ष द्या. माझ्या आईच्या वेळी आमच्या मसुद्यात ‘बँकेचे सर्व व्यवहार’ असं ऐसपैस लिहिलेलं होतं. शाखेतल्या बाईंनी शांतपणे त्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "मुदतीआधी ठेव मोडायचा अधिकार यात कुठे आहे?" त्यांचं बरोबर होतं. खाते क्रमांक, शाखा, ठेव मोडणं, चेकवर सही, भाडं घेणं, घरपट्टी, आयकर, एकेक गोष्ट नावानिशी लिहा. आणि करण्याआधी बँकेत मसुदा दाखवा, कारण काही बँका स्वतःचाच नमुना मागतात.

पेन्शनच्या खात्याचे नियम वेगळे असतात, ते शाखेत आधीच विचारा. सही जमेनाशी झाली तरी पेन्शनर स्वतः पैसे काढू शकतो. अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. शाखेत नाही म्हणाले तर हे सांगा. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

वडील शुद्धीत आहेत तोवर बाकीच्या खात्यांवर तुमचं नाव जोडून घ्या, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने. खात्यांवरची नॉमिनीची नोंद तपासा. मृत्युपत्र त्यांनी स्वतःच करायचं आहे, मुखत्यार ते करू शकत नाही.

बहीण-भाऊ असतील तर मसुदा त्यांनाही पाठवा आणि दर महिन्याचा हिशेब सगळ्यांना दिसेल असा ठेवा. आई-वडिलांच्या पैशांवरून घरं तुटताना मी पाहिली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी पैसे कोणी खाल्लेले नव्हते, फक्त कोणी काही सांगितलं नव्हतं.