टाच अडली पाहिजे, पाय सुटला पाहिजे

सुट्ट्यांचे क्लास सुरू झाले की या सदराच्या टपालात बुटांची पत्रं वाढतात. या वेळी तीच घेते. खोगिराच्या मापाबद्दल विचारणाऱ्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : ताई, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला घोडेस्वारीचा क्लास लावला आहे. क्लासमधल्या काही मुलांकडे गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट आहेत, म्हणून तिनेही हट्ट धरलाय. तिचे सर म्हणतात, सध्या स्पोर्ट्स शूज चालतील. काय करू? – एक आई, नाशिक

उत्तर : उंच बूट घेऊ नका. वर्षभरात पाऊलही वाढेल, पोटरीही भरेल आणि बूट माळ्यावर जातील. पण स्पोर्ट्स शूजच्या बाबतीत माझं सरांशी पटत नाही.

स्वाराचा पाय रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कड्यात, चवड्यापाशी टेकलेला असतो. घोडा बिचकला, तोल गेला, की पाय पुढे सरकतो. बुटाला टाच असेल तर ती रिकिबीच्या पट्टीला अडते आणि पाय तिथंच थांबतो. नसेल तर अख्खं पाऊल आरपार जातं, घोट्याशी रिकीब अडकते आणि मूल खाली पडलं तरी घोड्यापासून सुटत नाही. पडण्याला मी घाबरत नाही, फरफटण्याला घाबरते. म्हणून दुकानात बूट उलटा करून आधी टाच बघायची. दोन ते अडीच सेंटीमीटर उंच हवी, पुढची कड सरळ उभी हवी. तळ सपाट, फार तर बारीक नक्षीचा. ट्रेकिंगचे बूट याच कारणानं बाद. त्यांचे जाड रबरी दाते रिकिबीत रुततात आणि पाय ऐनवेळी निघत नाही.

शिवाय स्पोर्ट्स शूजचा वरचा भाग जाळीचा. मुलगी नुसती घोड्यावर बसणार नाही, खरारा करणार, त्याला धरून उभी राहणार. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर कधी ना कधी पायावर पाय देतंच. तेव्हा लगाम ओढत बसू नये, खांद्याला रेटून त्याला वजन दुसऱ्या पायावर घ्यायला लावावं. हे तिला आजच सांगून ठेवा. चामडी बुटानं सगळं वाचेल असं नाही, पण बोटांची सालटं निघत नाहीत.

तेव्हा घोट्यापर्यंतचे जोधपुरी बूट घ्या, बाजूला इलॅस्टिक असलेले किंवा चेनचे. लेस मुलांना नकोच, सुटलेली लेस लोंबत राहते. क्लासमधल्या मोठ्या मुलांचे लहान झालेले जोड मिळत असतील तर बिनधास्त घ्या, फक्त टाच एका बाजूनं झिजलेली नाही ना ते पाहा.

आता खरी गंमत अशी, की चांगला बूटही चुकीच्या रिकिबीत निरुपयोगी. मी शिकले ते रिसाल्यातून निवृत्त झालेल्या एका दफेदारांकडे. नवं पोर आलं की ते त्याचा बूट काढून हातात घेत, रिकिबीत ठेवत आणि तळहातानं मागून ढकलत. टाच अडली, की दोन्ही बाजूंच्या फटींत बोट घालून बघत. टाच पार झाली, की म्हणत, “आज घोड्यावर नाही, घोड्याबरोबर चालायचं.” आणि पोर तासभर मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाच्या, मागे चाले. बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा रिकीब साधारण अडीच सेंटीमीटर रुंद असावी. अरुंद असली तर बूट अडकतो. क्लासमध्ये मात्र बहुतेक वेळा उलटा घोळ असतो : मोठ्या माणसांच्या रिकिबी, त्यात मुलांची पावलं. तिथं टाच असूनही पाऊल निसटून आत जातं.

म्हणून बुटांबरोबर तिच्या मापाच्या रिकिबींचा जोडही घ्या. एका बाजूला लोखंडाऐवजी जाड रबरी कडं असलेल्या रिकिबी मिळतात. पायाचा जोर आला की रबर सुटतं आणि पाय मोकळा होतो. रबराची बाजू बाहेर ठेवायची, घोड्याच्या पोटाकडे नाही. मी डोळ्यांनी उलट्या लावलेल्या पाहिल्यात. आपल्या उन्हात रबराला चिरा पडतात, तेव्हा ते बदलत राहा. आणि मुलीला सांगा, पुढच्या वर्षी हाफ चॅप्स, म्हणजे बुटावरून पोटरीला चढवायची आवरणं, घेऊ. ते चढवले की लांबून उंच बुटांसारखंच दिसतं.

प्रश्न : वय ३४, आयटीत नोकरी, रविवारी सकाळी शिकायला जातो. दुडकी चाल सुरू झाली की गुडघ्याच्या आतली बाजू आणि पोटरी सोलवटते. जीन्स घालतो. मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, कच्ची म्हणून असं होतं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : थोडं बैठकीमुळे, बरंचसं जीन्समुळे. तुमच्या दोन जखमांची कारणं वेगळी आहेत. गुडघ्याशी जीन्सची आतली जाड शिवण घासते. पोटरीला आणि नडगीच्या कडेला रिकिबीचा चामडी पट्टा चिमटे काढतो.

पहिल्यावर उपाय म्हणजे स्वारीची विजार. ती आतल्या बाजूला शिवणीचा जाच होणार नाही अशी बेतलेली असते आणि गुडघ्याला ठिगळ असतं. घोट्यापर्यंत येते ती जोधपुरी, पोटरीवर संपते ती ब्रीचेस. दुसरी उंच बुटांत घालायची, तेव्हा तुम्ही पहिलीच घ्या. ही जोधपुरी खरोखर जोधपूरचीच. सर प्रताप सिंह १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला पोलोचा संघ घेऊन इंग्लंडला गेले, तेव्हा तिकडच्या लोकांच्या डोळ्यांत ती भरली. मांड्यांना ऐसपैस, गुडघ्याखाली तंग.

पोटरीसाठी हाफ चॅप्स. घोट्यापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत पाय झाकतात, चेन बाहेरच्या बाजूला, बुटाच्या तळाखालून इलॅस्टिकची पट्टी. नवे घेताना चेन लावायला थोडी झटापट झालीच पाहिजे, कारण चामडं वापरानं सैल पडतं. पहिल्याच दिवशी आरामात बसले तर महिन्याभरानं पोटरीवर गोल फिरतील. पावसाळ्यात नियमित जाणार असाल तर कृत्रिम कापडाचे घ्या, धुऊन वाळवता येतात. तळाखालची पट्टी सगळ्यात आधी तुटते, तिचं दुःख मानू नका. रेसचे जॉकी घालतात तसले कागदासारखे पातळ बूट मात्र हौसेनं घेऊ नका. जॉकीचं वजन बूट-खोगिरासकट मोजतात म्हणून ते बूट तसे असतात. शिकाऊ माणसाच्या पोटरीला त्यांचा आधार नाही.

आणि बैठकीबद्दल विचारलंतच म्हणून : गुडघ्यानं घोडा आवळत असाल तर कुठलंही चामडं तुम्हाला वाचवणार नाही. शिक्षकांना रिकिबीची लांबी पुन्हा बघायला सांगा. जखम भरेपर्यंत एक रविवार घरी बसा.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून काठेवाडी घोडी आणली. मी चप्पल घालूनच बसतो. वडील म्हणतात, आमच्या पिढ्या अशाच बसल्या. – एक वाचक, ता. शहादा

उत्तर : दादा, वडिलांना नमस्कार सांगा आणि चप्पल गोठ्यात ठेवा. चपलेला मागून काही धरून नसतं, ती रिकिबीत आडवी होते आणि पाचर मारल्यासारखी बसते. बाजारातून घोडीबरोबर आणलेल्या रिकिबी अरुंद असतील तर त्यात आणखी भर. टाच असलेला, बंद, चामडी तळाचा कुठलाही साधा बूट चालेल. रिकीब त्याच्या मापानं गावातल्या लोहाराकडूनही करून घेता येईल.

प्रश्न : बहिणीनं इंग्लंडहून उंच बूट आणले. घोट्याच्या पुढे लेस आहे, मागे चेन. गुडघ्यामागे काचतात. शिवाय पावसाळ्यात बुरशी आली. – एक वाचक, ठाणे

उत्तर : लेस असलेले ते फील्ड बूट. आखूड रिकिबीवर, उडी मारताना घोटा जास्त वाकतो, त्याला लेस जागा देते. ती करकचून बांधू नका. बिनलेसचे ताठ बूट ड्रेसाजवाल्यांचे, म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चालींची स्पर्धा करणाऱ्यांचे, असतात. गुडघ्यामागे काचणं नव्या बुटाला शोभतंच. घोट्याशी चुण्या पडल्या की बूट दोन-तीन सेंटीमीटर खाली बसतो. तोवर टाचेखाली फोमची चकती घालून घरात फिरा. फरशीवर टपटप होईल, शेजाऱ्यांना कल्पना द्या.

बुरशी घराबाहेर नेऊन ओल्या फडक्यानं पुसा, मग सॅडल सोप (चामड्याचा साबण), मग सावलीत वाळवणं. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. पूर्ण वाळल्यावर बोटभर क्रीम लावा. तेल जास्त झालं की चामडं लोळागोळा होतं आणि बूट उभा राहत नाही. आत वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या भरून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. चेनमधली रेती जुन्या टूथब्रशनं काढा. आणि चेन लावताना टाच जमिनीवर पक्की टेकलेली ठेवा. चवड्यावर उभं राहून ओढली की पोटरी फुगते आणि दाते तिथंच उसवतात. ठाण्यात कुठला मोची ती बदलून देईल, ते मात्र तुम्हीच शोधून मला कळवा. माझ्याकडे विचारणारे पुष्कळ आहेत.