सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, पहिल्या वर्षाला येतोयस?

इथले शब्द पाठ करत बसू नकोस. एफवाय म्हणजे पहिलं वर्ष, एसवाय म्हणजे दुसरं, आणि डीएसवाय म्हणजे डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, हे आठवडाभरात आपोआप कळतं.

‘जीटी’ मात्र आधीच समजून घे. ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा लावायचा, मित्राची ड्रॉइंग शीट ठेवायची, वर आपला कोरा कागद, आणि रेषा गिरवत सुटायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री मोह होणारच. पण सुरुवातीच्या शीट्स तरी स्वतः काढ. ओरलला एखादं प्रोजेक्शन विचारलं की गिरवणारा लगेच उघडा पडतो.

बोट क्लब 1928 पासूनचा आहे. पोहता येत नसेल तर आधी शीक आणि मग वल्हं हातात घे. रेगाटाला, म्हणजे बोट क्लबच्या नौकांच्या सोहळ्याला, कायाक बॅले आणि पंट (सपाट तळाच्या होड्या) फॉर्मेशन काठावरून बघण्यात मजा आहेच, पण खरी दोस्ती त्याच्या सरावात जमते.

नाटकाची आवड असो-नसो, पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, भरत नाट्य मंदिरात जाच. ‘अरे, आव्वाज कुणाचा?’ आलं की घसा फोडून ओरड, पडदा उघडला की चिडीचूप. दुसऱ्या कॉलेजची एकांकिका रंगली तर मनापासून टाळ्या दे.

आणि ‘इंट्रो’, म्हणजे नव्या मुलांची ओळख, घेताना कुणी सीनियर अपमान करू लागला, तर ती परंपरा नव्हे. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. सरळ हॉस्टेलच्या रेक्टरकडे जा, एकट्याने जाववत नसेल तर रूममेटला सोबत ने.