दोन पेग घेतल्याशिवाय लोकांत बोलताच येत नाही, हे व्यसन आहे का?

तू लिहिलंयस की होस्टेलवर पोरं बसली की दोन पेग पोटात गेल्याशिवाय तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि आता ओरल परीक्षेच्या आधीही घ्यावीशी वाटते. व्यसन आहे का ते मी इथून ठरवू शकत नाही, पण ते ओरलचं वाचून मला काळजी वाटली, कारण तिथे मजेचा प्रश्नच नाही, तिथे ती औषध म्हणून हवी झालीय.

मी रत्नागिरीत शिकवतो. नाव पुकारलं तरी घाम फुटणारी मुलं दरवर्षी असतात, मीही त्यातलाच, गणपतीत भजनाला मागे बसून झांज वाजवायला चालायचं पण आरतीला सुरुवात कर म्हटलं की पोटात गोळा. त्यामुळे "लाजतोस काय, बिनधास्त बोल" वगैरे मी सांगणार नाही.

दारूने भीती कमी होते हे खरंय. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, दारू त्याचा परिणाम वाढवते. पण उतरताना मेंदू उलटा खवळतो, म्हणून दुसऱ्या दिवशी धडधड, थरथर, "काल मी काय बरळलो" असं सारखं डोक्यात, आणि आपल्याला वाटतं आपला स्वभावच घाबरट, तर त्यातली बरीचशी भीती कालच्या दारूचीच असते. त्याहून वाईट म्हणजे गप्पा मारल्या तूच आणि श्रेय गेलं पेगला. न पिताही जमलं असतं हे मनाला कधी कळतच नाही, मग दोनाचे तीन होतात.

लोकांत बोलायच्या या भीतीला सोशल अँग्झायटी म्हणतात आणि यावर उपचार आहेत, सीबीटी नावाची थेरपी चांगली लागू पडते, त्यात भीतीच्या जागी थोडंथोडं, न पिता जायचं असतं. सुरुवात म्हणून पुढच्या वेळी दोघंच जण आले असतील तेव्हाच जाऊन बस, भरलेल्या खोलीत शिरण्यापेक्षा ते खूप सोपं जातं, आणि हातात सोडा ठेव.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायला पोरं लाजतात, कोणी बघेल म्हणून, पण तिथे तुझ्यासारख्यांनीही जायचं असतं रे. डॉक्टरला दारूचं लपवू नकोस, भीतीच्या काही गोळ्या दारूसोबत जिवावर बेतू शकतात. आणि रोज भरपूर घेत असशील तर मनाने एकदम बंद करू नकोस, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर.

रोज घेतोस की फक्त शनिवारी, ते खाली लिही, पुढचं त्यावरच ठरेल.