मुलगी फुकटच्या सॉफ्टवेअरमागे लागली आहे, काय करू?

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपत्कालीन फोन घेऊन रुग्णवाहिका किंवा बंब पाठवायच्या यंत्रणांसाठी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू-बदलू शकतो असं, सॉफ्टवेअर असतं म्हणे, त्यावर ती रात्र-रात्र बसते. कॅम्पसच्या मुलाखतींचं नावच काढत नाही. फुकट वाटायच्या गोष्टीवर पोट कसं भरणार?

उत्तर : सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चोवीस तास चालतं ठेवणारा माणूस मिळत नाही. मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी फोनची यंत्रणा विकत घेणं परवडेना, म्हणून त्याने १९९९ मध्ये ‘अ‍ॅस्टरिस्क’ हे फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर स्वतःच लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे त्याची डिजियम ही कंपनी त्याच जोरावर चालली : फोनलाइन जोडायची कार्डं विकायची आणि अडलेल्यांना सेवा द्यायची. तेव्हा पोटाची काळजी थोडी बाजूला ठेवा.

मला काळजी वेगळी वाटते. ती नेमकं करते काय, हे तिला विचारा. या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेक मुलांना नकाशावर सरकणाऱ्या गाड्यांचा स्क्रीन बनवायचा असतो. दिसतो छान. पण एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेत सात राज्यांतली ९११ ही आपत्कालीन फोनसेवा सुमारे सहा तास विस्कळीत झाली, सहा हजारांहून जास्त फोन पोचलेच नाहीत, ते का? येणाऱ्या कॉलना क्रमांक देणाऱ्या मोजणीला कोणीतरी ४ कोटींची मर्यादा घालून ठेवली होती. ती संपली आणि नवे कॉल पुढे जाईनात. स्क्रीनचा काही दोष नव्हता. असला आकडा कोडमध्ये आधीच हेरणारी मुलगी या धंद्यात हवी असते.

म्हणून तिने एसआयपी, म्हणजे इंटरनेटवरून फोन जोडण्या-तोडण्याचे नियम (प्रोटोकॉल), नीट शिकावं. ‘सिप-पी’ (SIPp) नावाच्या खुल्या टूलने हजारो खोटे कॉल सोडून यंत्रणा कुठे मोडते ते पाहावं. नकाशावरची ठिकाणं डेटाबेसमध्ये साठवणारं आणि शोधणारं पोस्टजीआयएस शिकावं. कॉल करणाऱ्याच्या ठिकाणावरून तो कोणत्या केंद्राकडे जायचा हे ठरवणारा ‘लॉस्ट’ प्रोटोकॉल आरएफसी ५२२२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात मोफत वाचायला मिळतो. रुक्ष आहे, वाचावाच. ‘तिकिट्स कॅड’सारखा, रुग्णवाहिका-बंब पाठवायच्या खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प स्वतःच्या मशिनवर उतरवून मुद्दाम बंद पाडावा. मात्र अर्धवट काम चालू नियंत्रण कक्षाच्या गळ्यात मारायचं नाही, हे तिला बजावून सांगा.

हेच कौशल्य टेलिकॉम आणि कॉल सेंटरच्या कंपन्यांनाही लागतं. त्यामुळे मुलाखती टाळायचं कारणच नाही, तिला त्या द्यायलाच लावा. बायोडेटात ‘ओपन सोर्सची आवड’ असं मोघम नको. प्रकल्पाने स्वीकारलेल्या तिच्या दुरुस्त्यांची लिंक असू दे. तिने काय लिहिलं आणि कोणी तपासलं, हे समोरच्याला तिथेच उघडून पाहता येतं. आणि स्वीकारलेली एकही दुरुस्ती अजून नसेल, तर आधी एक होऊ द्या, मग मला पुन्हा लिहा.