टोटल लॉस गाडी: कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही करण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. अपघातात गेलेली पेट्रोल हॅचबॅक, विमा कंपनीने टोटल लॉस मान्य केलेला, गाडी वर्कशॉपच्या आवारात पडून, आणि लिलावात बोली जिंकलेला भंगारवाला मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९-३० वर कोऱ्या सह्या मागतोय; देऊ का, हा तुमचा प्रश्न. त्याचं "गाडी एकदा उचलली की पुढचं सगळं आम्ही बघतो" हे वाक्य आमची गाडी अशीच टोटल लॉस झाली तेव्हा शब्दशः ऐकलंय, म्हणून एवढं लिहायला बसलो. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस हा नियम वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडतो.

सही करू नका, आरसी देऊ नका, आणि खाली लिहिलेलं होईपर्यंत गाडी आवारातून हलू देऊ नका.

भंगार विकलं जाणं आणि नोंदणी रद्द होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे मिळाले, गाडी क्रेनवर चढली, तरी आरटीओच्या लेखी मालक तुम्हीच. उद्या त्या सांगाड्याला ठोकून-पिटून कोणी रस्त्यावर आणलं आणि विमा नसताना कोणाला उडवलं, तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे: गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. दुसरा धोका याहून वाईट. टोटल लॉस गाडीची आरसी आणि चासी नंबर (सांगाड्यावर कोरलेला गाडीचा ओळख क्रमांक) असलेला तुकडा घेऊन तोच नंबर त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या चोरीच्या गाडीवर चढवतात. मग पोलीस दार ठोठावतात ते तुमचं.

आता हिशेब बघा, कारण "आरसी रद्द केलीत तर तुमचंच नुकसान" असं तुम्हाला सांगितलं जाईल. समजा आयडीव्ही ४,८०,००० रुपये आहे आणि सक्तीची वजावट (दाव्यातून कंपनी कापतेच ती रक्कम) १,००० (१५०० सीसीपर्यंत एवढीच असते). साल्व्हेजची (मोडक्या गाडीची) बोली आरसीसह १,६०,००० आणि आरसीशिवाय १,०५,००० आली. आरसीसह विकलीत तर कंपनी देणार ३,१९,००० आणि भंगारवाला १,६०,०००. आरसीशिवाय विकलीत तर कंपनी ३,७४,००० आणि भंगारवाला १,०५,०००. दोन्हीकडे तुमच्या हातात ४,७९,००० च येतात. फरकाचे ५५,००० कंपनीच्या खिशातून जातात, म्हणून आग्रह आरसीसह व्यवहाराचा असतो. आणि लोखंड तेच, काच तीच, मग नुसत्या कागदासाठी कोणी ५५,००० जास्त का मोजावेत? माझ्या मते आरसीसह बोलीचा पर्याय अस्तित्वातच नसावा. सर्व्हेअरला (विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याला) ईमेलवर लिहा: "नोंदणी रद्द करून आरसीशिवाय साल्व्हेज या तत्त्वावर दावा निकाली काढावा." फोनवर नको, ईमेलवरच.

आता आमच्याकडून झालेली, सर्वांत महागात पडलेली चूक. नोंदणी रद्द करायला आरटीओ मूळ आरसीबरोबर चासी नंबरचा छाप, आणि बरेचदा चासीचा कापलेला तुकडाही मागतात. गाडी आवारातून गेली की हे दोन्ही तुमच्या हातातून गेले. भंगारवाला फोन उचलत नाही, उचलला तर "गाडी कधीच तोडली" म्हणतो, आणि तुकड्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून गाडी आवारात आहे तोवरच चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने तीन-चार छाप घ्या, त्यावर वर्कशॉपचा शिक्का आणि तारीख घ्या. चासी नंबर, इंजिन नंबर आणि मोडलेला भाग एकाच फ्रेममध्ये दिसेल असे फोटो काढा. मात्र तुकडा स्वतः कापायला जाऊ नका. चासी नंबरशी छेडछाड हा संशयाचा विषय आहे. तुकडा कापायचा तो आरटीओ निरीक्षकाच्या समक्ष किंवा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच.

आरटीओ कार्यालयाबद्दल थोडं बोलतोच, नाव घेणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ म्हणतं की गाडी नष्ट किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर, आपण जिथे राहतो तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं आणि आरसी जमा करायची. गाडीची मूळ नोंदणी दुसरीकडची असेल, तर अहवाल आणि आरसी तिकडे पाठवायची जबाबदारी त्या कार्यालयाची असते. तरीही खिडकीवर "आमच्याकडची गाडी नाही, मूळ आरटीओला जा" हे ऐकवतात, आणि मूळ आरटीओ "तुम्ही राहता तिथे अर्ज करा" म्हणून परत पाठवतं. आमचे पाच महिने या टोलवाटोलवीत गेले. हा निव्वळ अन्याय आहे, आणि माणूस कंटाळून भंगारवाल्याकडे जातो तो इथेच. उपाय एकच: तोंडी विचारू नका. कलम ५५ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या, आणि त्याच अर्जात "नोंदणी रद्द होईपर्यंत या वाहनावर कोणताही हस्तांतरण व्यवहार करू नये" ही विनंती लिहा. उद्या काही झालंच, तर ती पोच तुमच्या बाजूने उभी राहते.

यापेक्षा सरळ रस्ता म्हणजे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र. २३ सप्टेंबर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ही केंद्रं 'वाहन' या सरकारी ऑनलाइन वाहन-नोंदणी प्रणालीला जोडलेली असतात. गाडी पंधरा वर्षांची असायची गरज नाही. अपघात, आग, पूर यांत निकामी झालेली आणि मालकाने भंगार म्हणून घोषित केलेली गाडीही ते घेतात. गाडी चोरीची नाही ना, कर्जाचा बोजा नाही ना, हे आधी तपासतात. गाडी दिल्यावर ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि तोडल्यावर स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र. चासी नंबरचा कापलेला तुकडा त्यांनीच सहा महिने जपून ठेवायचा असतो, म्हणजे तुमची ती डोकेदुखी मिटली. ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं, आणि खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची केंद्र सरकारच्या नियमात तरतूद आहे. प्रत्यक्ष टक्का राज्य ठरवतं, तो नवी गाडी बुक करण्याआधी विचारा. भाव लिलावापेक्षा कमी येतो, पण वर हिशेब दाखवलाच आहे: तो फरक कंपनीने सोसायचा आहे, फक्त दावा निकाली निघण्याआधी तसं लेखी ठरलेलं हवं.

कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा अर्ज) सर्वांत आधी. बोजा उतरल्याशिवाय ना आरटीओ हात लावत, ना स्क्रॅपिंग केंद्र. एनओसीवर बहुधा मुदत असते, ती बघून पुढच्या तारखा ठरवा. ई-चलनं आजच भरून टाका. वर्कशॉप आता पार्किंगचा रोजचा आकार लावून घाई करेल, तेव्हा तो कोण भरणार हे कंपनीकडून लिहून घ्या. फास्टॅग बंद करा. नंबरप्लेट भंगारवाल्याच्या हाती पडू देऊ नका. आणि 'वाहन'वर नोंदलेला मोबाईल तुमचाच आहे ना, हे बघा. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, गाडीचे कागद त्याच्याच हातात असतात.

भावाच्या त्याच मॉडेलसाठी पार्ट काढून ठेवू का, असंही विचारलंय. सर्व्हे आणि बोली झाल्यानंतर काहीही काढू नका. बोली त्या अवस्थेतल्या गाडीवर लागलेली असते. बॅटरी, ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) गायब दिसला की रक्कम लगेच कापतात. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं, आवारातून तो परस्पर जातोही, म्हणून गाडीच्या खालचेही फोटो ठेवा. भावाला पार्ट हवेच असतील तर स्क्रॅपिंग केंद्राकडून बिलावर घ्या. दरवाजे, बॉनेट, हेडलाइट, अल्टरनेटर, आरसे खुशाल घ्या. एअरबॅग, सीटबेल्ट आणि स्टीअरिंग लॉक जुने घेऊ नका, स्वस्त मिळाले तरी. बेल्ट एकदा अपघातात ताणला गेला की बाहेरून धडधाकट दिसतो, पण दुसऱ्यांदा त्याच्यावर जीव सोपवता येत नाही. जुनं इंजिन बसवणार असाल तर ते ज्या गाडीतून निघालं तिचा चासी नंबर बिलावर घ्या आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. बिलाशिवाय इंजिन घेणं म्हणजे चोरीचा माल बाळगल्याच्या आरोपाला आमंत्रण. मेरठच्या सोतीगंज बाजारावर २०२१ मध्ये कारवाई झाली ती चोरीच्या गाड्या तोडून भाग विकण्याच्या याच धंद्यासाठी.

मी वकील नाही, आणि कागदांची यादी आरटीओगणिक थोडी बदलते, तेव्हा आपल्या कार्यालयाची यादी एकदा घ्याच. पण उद्या सकाळी पहिलं काम वर्कशॉपला जाऊन छाप घेण्याचं. भंगारवाल्याचा फोन आला तर "नोंदणी रद्द झाल्याचा कागद मिळाल्यावर गाडी उचला" एवढंच सांगा. पुढे 'वाहन'वर गाडीची नोंद रद्द दिसली की त्या पानाचा प्रिंट काढून विम्याच्या फाइलमध्ये लावा.