पोराला लस नाही, तरी परदेशी जावं का?

मे २०२२ उजाडला तशी पत्रांची रांगच लागली आणि जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच. दोन वर्षं घरात काढली, आता विमानं सुरू झालीत, मोठ्यांचे डोस पूर्ण झालेत, पण घरातल्या लहानग्यांना कोविडची लस नाही, मग सुट्टीत परदेशी जायचं की नाही? सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं शक्य नाही, म्हणून ज्यांच्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी काही पत्रं घेतलीत.

प्रश्न: डॉक्टर, आमची मुलगी ३ वर्षांची आणि मुलगा ७ वर्षांचा. आम्हा दोघांचे बूस्टरसकट डोस झालेत. आठवडाभर समुद्रकिनारी जायचं चाललंय, दुसऱ्या देशात. नवरा म्हणतो मुलांना कोविडने काही होत नाही, सर्दीसारखा येतो नि जातो. सासूबाई म्हणतात लस नसताना लेकरांना विमानात बसवणं म्हणजे विकतचं दुखणं. मला दोघांचंही पटतं आणि मग रात्री झोप लागत नाही. तुम्हीच सांगा.

उत्तर: तुमच्या नवऱ्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे, बहुतेक मुलांना हा आजार सौम्यच होतो, दोन-तीन दिवस ताप, खोकला, किरकिर आणि मग पोरगं परत उड्या मारायला लागतं. पण "काही होत नाही" असं मात्र कुणी म्हणू नये. ओमायक्रॉन हा कोविडच्या विषाणूचा प्रकार आल्यावर अमेरिकेत ५ वर्षांखालच्या मुलांना ॲडमिट करायचं प्रमाण आधीच्या लाटेपेक्षा चांगलंच वाढलं होतं, आणि वर्षाखालची बाळं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेली मुलं, प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं यांना त्रास जास्त होऊ शकतो. तुमच्या दोघांपैकी कुणी या यादीत बसत असेल तर आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला, बुकिंग नंतर.

सात वर्षांच्या मुलाचं म्हणाल तर मे २०२२ मध्ये काही देशांत ५ ते ११ वयाला फायझरची लस मिळत होती, मोठ्यांच्या ३० मायक्रोग्रॅमऐवजी १० मायक्रोग्रॅमचा डोस, अमेरिकेत ती नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. तुमच्याकडे मिळत असेल तर घेऊन टाका, पण हिशेब आत्ताच करा, कारण २०२२ च्या वेळापत्रकाप्रमाणे दोन डोसमध्ये किमान ३ आठवडे आणि दुसऱ्यानंतर २ आठवडे धरले तर निघायच्या आधी सव्वा महिना हातात हवा. तीन वर्षांच्या मुलीसाठी मात्र मे २०२२ पर्यंत बहुतेक देशांत काहीच नव्हतं, चीन आणि क्यूबासारखे थोडे देश तेवढ्या लहान वयाला देत होते. म्हणजे तिचं कवच तुम्हीच, तुमचे डोस आणि निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस तुम्ही कुठे किती गर्दीत गेलात ते.

पण मला विचाराल तर तुमच्या घरात जो वाद चाललाय तो मूळ मुद्द्यावर नाहीच आहे. बसा आणि नवऱ्याला एवढंच विचारा, की परत निघायच्या आदल्या दिवशी मुलगी पॉझिटिव्ह आली तर तिच्याजवळ कोण थांबणार, कुठे थांबणार, किती दिवस आणि त्याचे पैसे कुठून येणार? तेव्हा मुलाला कोण सांभाळणार, तो घरी परत जाणार की तोही तिथेच? या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे असतील, म्हणजे रजा वाढवून मिळते, थोडे पैसे बाजूला आहेत, मुक्कामाची जागा वाढवता येते, तर खुशाल जा, समुद्रकिनारा मोकळ्या हवेतला आहे, त्यापेक्षा चांगली जागा नाही. उत्तरं नसतील तर यंदा नका जाऊ, मग मुलं कितीही ठणठणीत असू देत.

प्रश्न: मुलांकडे लसीचं सर्टिफिकेट नाही, तर त्यांना प्रवेश मिळतो का? की आईबापांच्या सर्टिफिकेटवर चालतं? प्रत्येक जण वेगळंच सांगतो. (मुलं ५, ९ आणि १३)

उत्तर: प्रत्येक जण वेगळं सांगतो कारण मे २०२२ मध्ये प्रत्येक देशाचं खरंच वेगळं होतं. अमेरिकेत तेव्हा १८ वर्षांखालच्यांना लसीची अट नव्हती पण २ वर्षांवरच्यांना विमानाच्या आदल्या दिवसाची निगेटिव्ह टेस्ट लागायची. ब्रिटनने १८ मार्च २०२२ पासून प्रवासाचे उरलेसुरले सगळे नियम काढून टाकले. सिंगापूरने २६ एप्रिल २०२२ पासून लस घेतलेल्या मोठ्यांची निघण्यापूर्वीची टेस्ट बंद केली आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना लस नसली तरी तीच सवलत दिली. आता तुमच्या तिघांकडे बघा, ५ आणि ९ वाले तेव्हा बऱ्याच ठिकाणी आईबापांच्या मागे सुटायचे, अडकायचा तो १३ वाला, कारण बऱ्याच देशांची सूट ११ किंवा १२ ला संपायची आणि पुढे मूल मोठ्यांच्या नियमात जायचं. त्याला तुमच्याकडे लस मिळत असेल तर आधी त्याचे डोस पूर्ण करा.

मधे विमान बदलणार असाल तर त्या देशाचेही नियम बघा, आणि आत गेल्यावर हॉटेल, म्युझियम, ट्रेन यांना वेगळा पास लागतो का तेही. माहिती त्या देशाच्या सरकारी साइटवरूनच घ्यायची, तारखेसकट प्रिंट काढून जवळ ठेवायची, कारण चेक-इनच्या काउंटरवर माणूस दिवसभर बदलते नियम बघून वैतागलेला असतो आणि तुमच्या हातात कागद असला की बोलणं लवकर मिटतं.

आणि एक गोष्ट ट्रॅव्हलवाले सांगत नाहीत ती स्वतः शोधा, तिथे पॉझिटिव्ह आलेल्या मुलाचं काय करतात. २०२२ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये आणि एप्रिलमध्ये शांघायमध्ये पॉझिटिव्ह आलेल्या अगदी तान्ह्या-लहान मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवलं गेलं, जगभर ओरड झाली तेव्हा शांघायने नियम थोडा सैल केला. ज्या देशात मूल माझ्यापासून वेगळं काढलं जाईल अशी नुसती शक्यता असेल तिथे लहान मुलाला घेऊन सुट्टीला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. नाइलाजाने जावं लागणं वेगळं, पण सुट्टीला नाही.

प्रश्न: आम्ही नुकतेच अडकून आलोय म्हणून लिहिते. परतीच्या आधी केलेल्या टेस्टमध्ये चार वर्षांचा मुलगा पॉझिटिव्ह, बाकी सगळे निगेटिव्ह. नवरा आणि मोठी पुढे गेले, मी त्याच्याबरोबर राहिले. ताप एकच दिवस होता पण मुक्कामाचे पैसे, नवी तिकिटं, शिवाय इन्शुरन्सने हात वर केले. पुढच्या वेळी काय वेगळं करायचं?

उत्तर: वाचून वाईट वाटलं. एकटीने आजारी पोराला घेऊन परक्या खोलीत बसणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळतं, आणि तुम्ही ते नीट निभावलंत.

इन्शुरन्सचं असं आहे की "मेडिकल कव्हर आहे" एवढ्यावर समाधान मानायचं नाही. आजारपणाचा खर्च वेगळा आणि आजारी नसतानाही नुसतं अलग राहावं लागलं त्याच्या मुक्कामाचा खर्च वेगळा, बऱ्याच पॉलिसींत दुसरा नसतोच. महासाथ वगळलीय का, मुलाचं नाव पॉलिसीत आहे का, आणि त्याच्याबरोबर थांबणाऱ्या मोठ्या माणसाचा खर्च धरलाय का, हे तिन्ही लेखी ईमेलवर विचारून घ्या, फोनवर "हो हो मिळतं" म्हणणाऱ्याचा काही उपयोग नाही. तिकीट तारीख बदलता येणारं घ्या. व्हिसाची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे थोडी शिल्लक राहील असं बघा, दहा दिवस थांबावं लागलं आणि व्हिसाच संपला तर नवीनच भानगड. दहा म्हणतेय कारण अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) २०२२ मध्ये मोठ्यांना ५ दिवसांनंतर मास्क लावून बाहेर पडायची मुभा दिली होती, पण २ वर्षांखालची मुलं मास्क लावू शकत नाहीत म्हणून त्यांचे पूर्ण १० दिवस धरायला सांगितले होते.

अजून एक, मुलाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट फेकू नका. बरं झाल्यावरही पीसीआर (स्वॅबची लॅबमध्ये होणारी) टेस्ट कधीकधी ३ महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येत राहते, त्यामुळे मे २०२२ मध्ये अमेरिकेसारखे देश ९० दिवसांच्या आतला जुना रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र टेस्टच्या जागी चालवून घ्यायचे.

प्रश्न: बाळ ८ महिन्यांचं आहे. विमानात मास्क कसा लावायचा? विमानातली हवा किती सुरक्षित असते?

उत्तर: लावायचाच नाही. २ वर्षांखालच्या बाळाला मास्क लावू नये, गुदमरलं तर त्याला काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि युनिसेफ तर ५ वर्षांपर्यंत सक्ती नको म्हणतात.

विमान उडत असताना हवा बरीच चांगली असते, तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते आणि गाळण्या अतिसूक्ष्म कणही ९९.९७ टक्के पकडतात. पण शेजारच्या सीटवरचा खोकत असेल तर गाळणीपर्यंत जायच्या आधी ती हवा तुमच्यापर्यंत येते. खरी गर्दी उडायच्या आधी असते, बोर्डिंगची रांग, तो अरुंद बोळ, डोक्यावर बॅगा चढवणारी माणसं, सगळे एकमेकांच्या तोंडात तोंड घालून उभे, आणि दाराशी उभ्या असलेल्या विमानात हवेचं यंत्र कधीकधी मंद चालू असतं. म्हणून बाळ असलेल्यांना आधी बोलावतात तेव्हा दोघांनी आत धावायची गरज नाही, एकाने सामान घेऊन पुढे जावं आणि दुसऱ्याने बाळाला घेऊन शेवटी चढावं. खिडकीची सीट बाळाला.

पण तुमच्या पत्रात जे नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. बाकीच्या लसी झाल्यात का? कोविडच्या नादात नेहमीचं लसीकरण जगभर मागे पडलं आणि गोवर त्याचीच वाट बघत असतो. लस नसलेल्या दहा माणसांत गोवराचा एक रुग्ण आला तर नऊ जणांना होऊ शकतो, रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू २ तासांपर्यंत हवेत राहतो. परदेशी जाणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना गोवराचा एक जादा डोस देतात, तो पुढच्या नेहमीच्या डोसांत धरत नाहीत. निघायच्या किमान २ आठवडे आधी द्यायला हवा. उद्याच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: मी ७१ वर्षांची, यांना मधुमेह आहे. मुलगा, सून, ४ आणि ६ वर्षांची नातवंडं आणि आम्ही असं सगळ्यांनी मिळून जायचं ठरतंय. नातवंडांना लस नाही. आमच्यामुळे त्यांना काही होईल का?

उत्तर: आजी, तुम्ही त्यांची काळजी करताय पण धोका उलट्या बाजूने जास्त आहे, त्यांच्याकडून तुमच्याकडे यायचा. मुलांना नुसतं नाक वाहील आणि आजोबांना तेच जड जाईल. म्हणून तुम्हा दोघांचा बूस्टर निघायच्या दोन आठवडे आधी झालेला हवा, खोली वेगळी घ्या, निघायच्या आधी मुलांची टेस्ट करा आणि तिथे गेल्यावर कुणाला शिंक आली तरी "सर्दीच असेल" न म्हणता लगेच करा. आजोबांना कोविड झालाच तर पहिल्या ५ दिवसांत सुरू करायची औषधं काही देशांत आहेत, त्यांना ती चालतील का हे जाण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. आणि नातवंडांना जवळ घेणं थांबवू नका. दोन वर्षं त्यांनीही तुमची वाट बघितलीय. मोकळ्यावर बसा, गोष्टी सांगा, जेवताना खिडक्या उघड्या ठेवा.

प्रश्न: घरच्या किटने ३ वर्षांच्या मुलाचा स्वॅब कसा घ्यायचा? दर वेळी कुस्ती होते.

उत्तर: त्याला मांडीवर पाठमोरा बसवा, म्हणजे त्याची पाठ तुमच्या छातीला, एका हाताने त्याचे दोन्ही हात धरा, दुसरा तळवा कपाळावर ठेवून डोकं आपल्या खांद्याला टेकवा. काडी दुसऱ्या माणसाने घालायची, किटच्या कागदावर जेवढी आत सांगितलीय तेवढीच, कडेकडेने फिरवायची, दोन्ही नाकपुड्या. आधी बाहुलीचा स्वॅब त्याच्याकडून घेऊन बघा, बरीच मुलं मग शांत बसतात. घरी दोन-तीनदा सवय करून मगच प्रवासाला निघा.

प्रश्न: तिथे मूल आजारी पडलं तर डॉक्टरांकडे कधी पळायचं?

उत्तर: ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ सेल्सियस ताप आला की लगेच, वाट बघायची नाही. मोठ्या मुलांत तापाच्या आकड्यापेक्षा श्वास बघा. मूल झोपलेलं किंवा शांत असताना अंगावरचा कपडा वर करा आणि पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा. २ महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त आलं तर न्या. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, पाणी पीत नसेल, शू कमी झाली असेल, हाक मारूनही डोळे उघडत नसेल तरी न्या. पॅरासिटामॉल वजनावर असतं, निघायच्या आधी वजन करून आपल्या डॉक्टरांकडून डोस बाटलीवर लिहून घ्या. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही.

घरी आल्यावरही दीड महिना लक्ष असू द्या. कोविड होऊन गेल्यावर २ ते ६ आठवड्यांनी क्वचित एखाद्या मुलाला परत ताप येतो, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ, पोटात दुखतं, उलट्या होतात. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि मागच्या महिन्यात कोविड झाला होता हे तुम्ही स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.